ताओमत आणि एक वगळलेली प्रस्तावना

इसवी सन ६४७ मध्ये थांग घराण्याचा सम्राट थाइ-त्सुंग ह्याने एक विलक्षण आज्ञा काढली. लाओत्सेच्या नावावर चालत आलेला 'ताओ-ते-चिंग' हा ग्रंथ संस्कृत भाषेत उतरवून हिंदुस्थानात पाठवावा, अशी ती आज्ञा होती. मागणी कामरूपाहून, म्हणजे हल्लीच्या आसामातून आली होती. तेथील राजा भास्करवर्मा ह्याच्या दरबारी चीनचा वकील ली यी-प्याओ गेला होता. बुद्धाचा धर्म चीनमध्ये येण्यापूर्वीच आमच्या देशी एका ज्ञानी पुरुषाने ग्रंथ लिहून ठेविला आहे, असे त्याने राजास सांगितले. राजाने तो पाहण्याची इच्छा दर्शविली आणि लाओत्सेची प्रतिमाही मागितली. हिंदुस्थानातून चीनमध्ये ग्रंथ गेल्याची उदाहरणे शेकड्यांनी देता येतील; चीनमधला ग्रंथ हिंदुस्थानाने मागावा, हा प्रकार मात्र अत्यंत विरळा.

हे काम ज्याच्याकडे सोपविण्यात आले तो ह्युएनत्संग महाराष्ट्रीय वाचकांस अपरिचित नाही. पुलकेशीच्या राज्यात येऊन येथील लोकांचा ताठा, उपकाराची जाण आणि अपमान न विसरण्याचा स्वभाव ह्यांचे वर्णन त्यानेच लिहून ठेविले आहे. सोळासतरा वर्षांच्या प्रवासानंतर तो ६४५ साली राजधानी छांग-आन येथे परतला होता. भास्करवर्म्याचा पाहुणचार त्याने स्वतः घेतलेला होता. त्याच्या साह्यास तीसांहून अधिक ताओपंथी पंडित व पुरोहित देण्यात आले. त्साइ ह्वांग व छंग श्वान-यिंग हे त्यांचे पुढारी. ही सर्व मंडळी ऊ-थुंग नावाच्या मठात रोज जमत आणि शब्दाशब्दावर खल करीत. त्या वादाची हकीकत ह्युएनत्संगाचा समकालीन भिक्षू ताओ-श्वान ह्याने नमूद केली आहे. ती एका पक्षाच्या माणसाने लिहिलेली आहे हे ध्यानात ठेवूनच वाचली पाहिजे; तथापि तिच्यात जे आले आहे ते फार मोलाचे आहे.

पहिला वाद पहिल्याच शब्दावर झाला. 'ताओ' ह्यास संस्कृतात काय म्हणावे? ताओपंथीयांचा आग्रह 'बोधि' ह्या शब्दासाठी होता. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणणाऱ्या जुन्या भाषांतरकारांनी 'बोधि'साठी 'ताओ' हाच शब्द योजिला होता. तेव्हा उलट जाताना 'ताओ'चा 'बोधि' का होऊ नये, असा त्यांचा सवाल. ह्युएनत्संगाचे उत्तर असे की, बोधि म्हणजे जागृती आणि ताओ म्हणजे वाट. जुन्यांनी केलेली चूक आपण पुढे चालवू नये. खरा प्रतिशब्द 'मार्ग' हाच होय. शब्दशास्त्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनतोड होते. परंतु वादाच्या पोटात मानपानाचा प्रश्न दडलेला होता. 'बोधि' म्हटले की लाओत्से बुद्धाच्या पंक्तीस बसतो. 'मार्ग' म्हटले की तो अनेक वाटांपैकी एका वाटेचा वाटाड्या ठरतो.

दुसरा वाद आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. भाषांतर पुरे होऊन आता त्यावर मोहोर करावयाची, इतक्यात छंग श्वान-यिंग म्हणाला की, ग्रंथ फार गूढ आहे, प्रस्तावनेवाचून त्याचा अर्थ परक्यांस उमगणार कसा? तेव्हा तिचेही भाषांतर व्हावे. ह्या प्रस्तावनेत ग्रंथपठनाच्या वेळी करावयाचे विधी सांगितले होते. दातावर दात वाजवावेत, तोंडातील लाळ घोटावी, असे शारीरिक प्रकार त्यांत होते. ह्युएनत्संगाने साफ नकार दिला. शरीर आणि राज्य ह्यांच्या रक्षणाविषयी जे सांगावयाचे ते मूळ ग्रंथात आहेच. ही दात वाजविण्याची आणि लाळ गिळण्याची भाषा गावंढळ आहे. ती परदेशात गेली तर स्वदेशाची मान खाली जाईल. एका मंत्र्याने विचारले, तिकडे लाओत्से-च्वांगत्सेंसारखी मते आहेत काय? ह्युएनत्संगाने लोकायतांची चार भूते, सांख्यांचे मूळ कारण आणि वैशेषिकांचे सहा पदार्थ ह्यांकडे बोट दाखवून म्हटले की, ह्या गोष्टी चीनने ऐकलेल्यादेखील नाहीत; ती प्रस्तावना पाठविली तर तेथील लोक तिला थट्टेची पोथी समजतील. प्रस्तावना वगळण्यात आली.

ताओमत हे तत्त्वज्ञान की धर्म, ह्या प्रश्नाचा सारा इतिहास आम्हांस ह्या एका नकारात साठलेला दिसतो. ग्रंथ उत्तम, तो ठेवा. विधी हास्यास्पद, ते टाका. हीच कात्री पुढे अनेकांनी चालविली. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वाचकांस लाओत्से प्रथम भेटला तो बहुधा जेम्स लेग ह्या पाद्र्याच्या भाषांतरातून. ते १८९१ साली मॅक्स म्युलरच्या 'पौर्वात्य पवित्र ग्रंथमाले'त निघाले. ह्याच मालेत आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचे भगवद्गीतेचे भाषांतर १८८२ साली आले होते. लेगच्या आणि त्याच्या सहधर्मीयांच्या लेखनातून जे चित्र उभे राहिले ते असे: प्रारंभी एक थोर, निःस्पृह ऋषी व त्याचा छोटासा ग्रंथ, मागाहून मंत्रतंत्र करणाऱ्या पुरोहितांनी त्याचा केलेला विटाळ. हे चित्र लेगने शून्यातून काढलेले नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चिनी पंडित कित्येक शतके हेच म्हणत आले होते. चिनी भाषेत 'ताओ-च्या' म्हणजे ताओचा संप्रदाय किंवा दर्शन आणि 'ताओ-च्याओ' म्हणजे ताओचा धर्म असे दोन शब्द तयारच होते. पाश्चात्यांनी त्यांच्यामध्ये भिंत बांधली.

ही भिंत कितपत खरी आहे हे पाहावयाचे तर आरंभ ग्रंथापासूनच केला पाहिजे. लाओत्सेचे चरित्र म्हणून आपण जे ऐकतो, म्हणजे तो चौ राजांच्या दफ्तराचा अधिकारी होता, राज्याची अवनती पाहून तो पश्चिमेस निघाला आणि घाटावरील रक्षकाच्या विनंतीवरून त्याने पाच हजार अक्षरांचा ग्रंथ लिहून दिला, ते इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास स्सु-मा छिएन ह्या इतिहासकाराने लिहिलेले आहे. गंमत अशी की, खुद्द स्सु-मा छिएनलाच त्याची खात्री नव्हती. लाओत्से म्हणून आणखी दोघांची नावे त्याने पुढे केली आहेत. ज्या ग्रंथकाराविषयी त्याचा पहिला चरित्रकारच साशंक, त्याच्या 'मूळ शुद्ध मता'ची ग्वाही आपण कशाच्या बळावर द्यावी?

ग्रंथाचे पुरावे ग्रंथकाराच्या पुराव्यांहून भक्कम आहेत. १९९३ साली हूपे प्रांतात क्वो-त्येन येथील एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांचे तीन जुडगे मिळाले. त्यांत आजच्या ग्रंथाचा सुमारे दोन पंचमांश भाग आहे. थडगे इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचे. त्याआधी १९७३ साली हूनान प्रांतात मा-वांग-त्वेइ येथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन संपूर्ण प्रती सापडल्या. त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर आहे. विद्वानांत ह्या अदलाबदलीची पुष्कळ चर्चा झाली. आमचे लक्ष मात्र त्याच थडग्यातील दुसऱ्या एका वस्तूकडे जाते. तीही रेशमावरच आहे: चव्वेचाळीस स्त्रीपुरुषांची रंगीत चित्रे, प्रत्येक निरनिराळ्या आसनात, कोणी वाकलेले, कोणी हात उंचावलेले. काही आसनांना अस्वल, वानर अशा प्राण्यांची नावे दिलेली आहेत. शिवाय श्वास, आहार आणि आयुष्यवर्धन ह्यांविषयीची टिपणे आहेत. म्हणजे तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आणि देह कमावण्याचे पट एकाच माणसाच्या उशापायथ्याशी ठेविलेले होते. त्याला ते एकमेकांस विटाळतात असे वाटले नसावे.

ह्यावर कोणी च्वांगत्सेचा आधार घेऊन आक्षेप काढील, आणि तो आक्षेप हलका नाही. 'च्वांगत्से' ह्या ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात अस्वलासारखे लोंबकळणाऱ्या व पक्ष्यासारखे अंग ताणणाऱ्या, श्वासोच्छ्वासाच्या जोरावर दीर्घायुष्य मिळवू पाहणाऱ्या लोकांस कमी लेखलेले आहे. तेव्हा भेद जुनाच आहे हे खरे. परंतु तो भेद घरातला आहे. आयुष्य वाढविणारे आणि जीवनमरण सारखेच लेखणारे हे एकाच वाड्यात राहून भांडत होते. उलट बाजूनेही असे टोमणे आले. चवथ्या शतकाच्या आरंभी किमयेवर मोठा ग्रंथ लिहिणारा को हुंग म्हणतो की, लाओत्सेचे लिहिणे फार त्रोटक आहे, आणि जन्ममृत्यू एकच मानणारा च्वांगत्से तर अमरत्वाच्या साधकाला निरुपयोगी. अशी कलागत ज्या परंपरेत चालते ती परंपरा जिवंत असते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता ग्रंथात आहे तरी काय? एक्याऐंशी छोटी प्रकरणे, सूत्रमय भाषा. ताओ म्हणजे विश्वाची वाट, जिच्यातून सर्व वस्तू निपजतात व जिच्याकडे परततात. तिला नाव देता येत नाही, तिच्यावर हुकमत चालविता येत नाही. पाणी सर्वांत मऊ, पण खडक तेच झिजविते. शहाण्या राजाने कमीत कमी करावे. तो आहे एवढेच प्रजेला ठाऊक असावे. 'वू-वेइ' म्हणजे ओढूनताणून काही न करणे. आमचे लोक हे वाचताच 'अहो, हे तर आपले ब्रह्म, आणि हा तर निष्काम कर्मयोग' असे म्हणून मोकळे होतात. आम्हांस ही घाई पसंत नाही. ब्रह्म जाणल्याने मनुष्य जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटतो; लाओत्सेच्या ग्रंथात फेराही नाही आणि सुटकाही नाही. त्याचा डोळा ह्याच देहावर आणि ह्याच राज्यावर आहे. जुन्या चिनी टीकाकारांनी हे ओळखले होते. हो-शांग-कुंग ह्याच्या नावाने चाललेली टीका प्रत्येक वचनाचा अर्थ एकदा देहाकडे व एकदा राज्याकडे लावते. जसा राजा प्रजेची शक्ती उधळीत नाही तसा साधकाने आपला प्राण उधळू नये. असा अर्थ लावणाऱ्यास प्राणायाम हा ग्रंथाबाहेरचा भाग वाटणे शक्यच नव्हते.

धर्म म्हणून ताओमत उभे राहिले ते दुसऱ्या शतकात. इसवी सन १४२ मध्ये सच्वान प्रांतातील एका डोंगरावर चांग ताओ-लिंग ह्यास देवरूप लाओत्सेचे दर्शन झाले, असे त्याचे अनुयायी मानतात. प्रत्येक घरामागे पाच मापे तांदूळ वर्गणी म्हणून द्यावे लागत, त्यामुळे विरोधक त्यांस 'पाच मापे तांदूळवाले' म्हणू लागले. त्याचा नातू चांग लू ह्याने हान साम्राज्य मोडकळीस आले असता एका डोंगराळ मुलखात जवळजवळ तीस वर्षे ह्या संप्रदायाचे राज्य चालविले. त्याची व्यवस्था वाचताना आम्हांस खरोखर नवल वाटते. रस्त्यांवर धर्मशाळा होत्या. त्यांत तांदूळ व मांस टांगलेले असे. वाटसरूने भुकेपुरते घ्यावे, अधिक घेईल त्याला रोग जडेल अशी समजूत. लहान अपराध्यास शंभर पावले रस्ता दुरुस्त करण्याची शिक्षा. आजार हा पापाचा परिणाम मानीत; रोग्याने एकांतात बसून आपली पापे आठवावी, मग त्याच्या नावाने कबुलीजबाबाचे तीन कागद लिहावयाचे: एक डोंगरावर ठेवावयाचा, एक जमिनीत पुरावयाचा, एक पाण्यात सोडावयाचा. आणि ह्या साऱ्या मंडळींकडून संप्रदायाचे अधिकारी नित्य पाठ करून घेत तो कोणत्या ग्रंथाचा? लाओत्सेच्या पाच हजार अक्षरांचा! ज्यांनी ग्रंथ विटाळला म्हणतात त्यांनीच तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसविला. २१५ साली चांग लूने त्साओ त्साओ ह्या सेनापतीस शरण जाऊन राज्य सोडले. त्यामुळे संप्रदाय वाचला आणि उत्तरेकडे पसरला. त्याच सुमाराचे पूर्वेकडील दुसरे ताओपंथी, पिवळ्या फेट्यांचे, १८४ साली बंड करून उठले व चिरडले गेले.

ह्या धर्माची काळी बाजू झाकावी असे आम्ही म्हणत नाही. हिंगूळ व पारा ह्यांपासून अमृत करण्याच्या नादाने किती साधक मेले ह्याची मोजदाद नाही. थांग सम्राटांपैकी ८४६ साली वू-त्सुंग व ८५९ साली त्याच्या गादीवर आलेला चुलता हे दोघे असल्या औषधांनीच गेले असे इतिहास सांगतो. अमरत्वाच्या औषधाने राजा मरावा ह्याहून क्रूर थट्टा ती कोणती? त्याच भट्ट्यांशी बसलेल्या एका ताओपंथी ग्रंथकाराने मात्र सोरा, गंधक, मनशीळ आणि मध एकत्र तापवू नका, कित्येकांच्या दाढ्या होरपळल्या व घरे जळाली, अशी ताकीद लिहून ठेविली आहे. बंदुकीच्या दारूविषयीच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक होय.

थांग घराण्याचे आडनाव ली, आणि लाओत्सेचेही परंपरेप्रमाणे तेच. म्हणून ते राजे स्वतःस त्याचे वंशज म्हणवीत. ६६६ साली लाओत्सेस सम्राटपद अर्पण झाले, ७३३ साली प्रत्येक घरी त्याच्या ग्रंथाची प्रत असावी अशी आज्ञा निघाली. ह्या राजाश्रयातच बौद्धांशी वैर चिघळत गेले. लाओत्से पश्चिमेस गेला तो हिंदुस्थानात पोहोचला आणि बुद्ध झाला, किंवा बुद्ध त्याचा शिष्य झाला, अशी कथा सांगणारी एक पोथी इसवी सन ३०० च्या सुमारास रचण्यात आली होती. ही बनावट पोथी ताओपंथीयांस शेवटी फार महाग पडली. १२५८ साली मंगोलांच्या दरबारात कुब्लाइसमोर तिच्यावर वाद होऊन ताओपंथी हरले. सतरा जणांची डोकी भादरून त्यांस बौद्ध भिक्षू करण्यात आले. पुढे १२८१ साली कुब्लाइ खानाने ताओपंथाचे सर्व ग्रंथ जाळण्याचा हुकूम सोडला. सर्व म्हणजे एक वगळून: 'ताओ-ते-चिंग' तेवढा ठेवावा. ह्युएनत्संगाने लेखणीने जे केले तेच येथे आगीने झाले.

आणि हे ज्या राजवंशाने केले त्याच्या मूळ पुरुषाने एका ताओपंथी संन्याशास केवढ्या सन्मानाने बोलाविले होते! वांग छुंग-यांग (मृत्यू ११७०) ह्याने स्थापन केलेल्या ब्रह्मचारी संन्याशांच्या पंथातील छ्यू छू-ची हा १२२० साली, सत्तरी उलटल्यावर, शांतुंगमधून निघाला आणि समरकंदावरून हिंदुकुशाच्या मुलखात चेंगीजखानाच्या छावणीस १२२२ साली पोहोचला. खानाने अमरत्वाचे औषध मागितले. आयुष्य राखण्याचे उपाय आहेत, मृत्यू टाळण्याचे औषध नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. असा माणूस भोंदू पुरोहितांच्या मालिकेत कोठे बसवावयाचा? त्याच्या गुरूने शिष्यांस जे तीन ग्रंथ नेमून दिले होते त्यांत एक 'ताओ-ते-चिंग', एक कन्फ्यूशियसच्या परंपरेतील पितृभक्तीवरचा आणि तिसरा बौद्धांचे 'प्रज्ञापारमिताहृदय'. हे हृदयसूत्र चीनमध्ये रूढ आहे ते ह्युएनत्संगाच्याच नावावरील भाषांतरात.

जळीतातून जे उरले व पुन्हा जमले ते मिंग राजांनी १४४५ साली 'ताओ-त्सांग' म्हणून छापविले. १६०७ साली त्याला पुरवणी जोडली. सुमारे पंधराशे ग्रंथांचे हे भांडार पेकिंगच्या शुभ्रमेघ मठात जवळजवळ अस्पृष्ट पडून होते. १९२३ ते १९२६ ह्या वर्षांत शांघाय येथे त्याच्या प्रतिकृती छापल्या गेल्या, तेव्हा कोठे ते विद्वानांच्या हाती आले. आमच्या मते ताओमताच्या अभ्यासातील खरी क्रांती ही होय. पॅरिसच्या आंरी मास्पेरो ह्याने ते ग्रंथ शोधून वाचण्यास प्रारंभ केला आणि विधी व तत्त्व ह्यांचा धागा जोडून दाखविला. १९४५ साली जर्मनांच्या बुखनवाल्ड येथील बंदीखान्यात त्याचा अंत झाला. त्याच वाटेने पुढे गेलेला डच पंडित क्रिस्टोफर स्खिप्पर (१९३४–२०२१) ह्याने तर तैवानमध्ये रीतसर पुरोहिताची दीक्षाच घेतली. पोथीतील विधी तेथील पुरोहित अद्याप तोंडपाठ करीत आहेत हे त्याने प्रत्यक्ष पाहिले. चीनमध्ये १९५७ साली ताओपंथीयांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९६६ नंतरच्या दहा वर्षांत मठ बंद पडले, मूर्ती फुटल्या. मागाहून पुष्कळ मठ पुन्हा उघडले.

राहता राहिली ती कामरूपची गोष्ट. हिंदुस्थानातील लोक प्रस्तावनेस हसतील, हे ह्युएनत्संगाचे अनुमान नालंदेच्या अभ्यासिकेतले होते. ग्रंथ मागणारा भास्करवर्मा बौद्ध नव्हता. शिवाच्या चरणांवाचून कोणापुढे मस्तक नमविणार नाही असा त्याचा बालपणापासूनचा नेम असल्याचे बाणाने 'हर्षचरिता'त लिहिले आहे. त्याच्या देशात शेकडो देवळे असून बौद्ध विहार नाहीत हे स्वतः ह्युएनत्संगानेच नोंदविले होते. पुढे काही शतकांनी मत्स्येंद्राच्या नावावरील 'कौलज्ञाननिर्णया'ने आपल्या शास्त्राचा संबंध ह्याच कामरूपाशी जोडला. ती पोथी प्रबोधचंद्र बागचींनी १९३४ साली प्रसिद्ध केली. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही परंपरा तर आपल्या घरचीच. जीभ टाळूस लावून तेथून पाझरणारा रस प्यावा असे ह्या मार्गातील हठयोगाचे ग्रंथ सांगतात, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन वगळून ती वाचावी असे आपल्याकडे कोणी सुचविले नाही. हे ग्रंथ सातव्या शतकानंतरचे आहेत हे आम्ही विसरत नाही. तरी ज्या देशात हे बीज रुजले तेथे लाळ घोटण्याच्या विधीस लोक हसलेच असते, असे आम्हांस वाटत नाही. दातांच्या आवाजाने ते थोडे बिचकले असते इतकेच.

त्या भाषांतराचे पुढे काय झाले ह्याविषयी चिनी ग्रंथांत दोन हकीकती आहेत. ताओ-श्वानच्या मते ते पुरे झाले. दहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या भिक्षूंच्या चरित्रग्रंथात, 'ताओ' की 'बोधि' ह्या भांडणापायी ते मध्येच सोडून दिल्याचे सांगितले आहे. पॉल पेलिओ ह्या फ्रेंच पंडिताने १९१२ साली ह्या प्रकरणावर विस्तृत निबंध लिहिला. संस्कृत 'ताओ-ते-चिंग'ची एकही प्रत आजवर कोठे मिळालेली नाही.